छातीइतक्या पाण्यात

१२ एप्रिल २०२५, शनिवार

उन्हाळ्यातली दुपारची लेडीज बॅच आजपासून सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ पोहण्याच्या टँकवर पोरांची झुंबड असते, पण अडीच ते साडेतीन पाणी रिकामं असतं. वर पत्र्याचं छत आहे, त्यामुळे उन्हाचा त्रास नाही. ती वेळ मी व्यवस्थापकांकडून मागून घेतली. आलेल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या आणि पोहता येणारी त्यांत एकच. तरीही किंवा म्हणूनच मला ही बॅच हवी होती. पाण्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांना होईल त्याच बायका पाण्यापासून लांब राहतात, हे मी माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं बघते आहे.

पोळ्यांची कामं करणाऱ्या एक मावशी एक्स-रेच्या पिशवीसकट आल्या होत्या. सहा घरच्या पोळ्या, म्हणजे रोज चार-पाच तास ओट्यापाशी उभं राहणं. दोन्ही गुडघ्यांची झीज.

“डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालीय, वंगण संपलंय. चाला आणि वजन उतरवा. अहो ताई, चालता आलं असतं तर वजन वाढलं असतं का?”

त्यांच्या या एका वाक्यात सगळं दुखणं आलं. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम हाच पहिला उपाय. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार ते वाटून घेतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांधा हलण्यातून. पण हललं की दुखतं, दुखतं म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की स्नायू वाळतात आणि मग आणखी दुखतं. हे चक्र जमिनीवर तोडणं फार अवघड जातं. पाण्यात ते तुटतं, कारण तिथे वजनच उतरलेलं असतं. बेंबीइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. मावशींचं वजन ७८ किलो आहे. छातीइतक्या पाण्यात त्यांच्या पायांना पंचवीसेक किलोच पेलायचे आहेत. पंचवीस किलोची तर शाळकरी मुलगी असते.

१५ एप्रिल, मंगळवार

आज पाण्यात उतरलो. पहिली अडचण शिडीची. टँकच्या कडेला ज्या उभ्या लोखंडी शिड्या असतात त्या गुडघेदुखीच्या माणसाला उपयोगाच्या नाहीत. पायरीवर पाय ठेवायचा म्हणजे गुडघा पूर्ण मुडपायचा आणि सगळं वजन त्या एकाच पायावर घ्यायचं. आमच्या टँकला उथळ बाजूने रुंद पायऱ्या आहेत आणि भिंतीला दांडी आहे, म्हणून तर बॅच घेता आली.

मावशी कमरेपर्यंत नीट उतरल्या. पाणी छातीशी आलं तशी दांडी धरलेली बोटं पांढरी पडली. “पाय जमिनीवर राहीनात हो,” म्हणाल्या. खरंच आहे, पाणी वर उचलतं तेव्हा पावलांखालची फरशी सुटल्यासारखी वाटते आणि न पोहणाऱ्या माणसाचा जीव दडपतो. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, माझे हात कोपरापासून त्यांच्या हाती दिले आणि मागे मागे चालायला लागले. घाबरलेलं माणूस हात पाण्याबाहेर उंच धरतं, त्याने तोल जास्तच जातो. हात पाण्याखाली, तळवे खालच्या बाजूला, गुडघे किंचित वाकलेले, आधी टाच आणि मग चवडा. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत असं जाऊन आलो. दुसऱ्या फेरीत त्यांनी माझा एक हात सोडला. माझ्या दोन्ही मनगटांवर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

मग मी बॅचला एक गोष्ट करून दाखवली. तळवा पाण्यात उभा धरून हात सावकाश बाजूला न्यायचा, मग तोच हात जोरात न्यायचा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध दुपटीने वाढत नाही, चौपट होतो. हात थांबला की विरोधही तिथेच संपतो. व्यायामशाळेतला डंबेल हातातून निसटला तर पायावर पडतो. पाण्यात असं काही होत नाही. जेवढं सोसतं तेवढाच जोर लावायचा, मात्रा ज्याची त्याने ठरवायची. गुडघ्याच्या, खांद्याच्या, कमरेच्या दुखण्यात ही सोय फार मोलाची आहे.

पुढे चालणं, मागे चालणं, आडवं चालणं, दांडीला धरून पाय मागे उचलणं, मांडी पोटाकडे घेणं. आज एवढंच केलं. एका ताईंना ते अगदीच किरकोळ वाटलं. उद्या मांड्या भरून येतील तेव्हा कळेल, असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं.

२० एप्रिल, रविवार

सुट्टी. वाचायला वेळ मिळाला. बॅचमधल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने परवा नेमका प्रश्न विचारला, “याला पुरावा काय आहे?” असा प्रश्न विचारणारी बाई बॅचमध्ये असावीच.

गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पाण्यातल्या व्यायामाचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा आढावा आहे. १३ प्रयोग, एकूण ११९० रुग्ण. निष्कर्ष संयमी आहे: दुखणं आणि हालचालीतली अडचण थोडी कमी होते, फरक रुग्णाला जाणवण्याइतका असतो, पण तो व्यायामाचा कार्यक्रम संपतानाचा आहे. म्हणजे सोडून दिलं तरी टिकेल, असं त्यावरून म्हणता येत नाही. जुनाट कंबरदुखीवर चीनमधला २०२२ चा एक प्रयोग आहे, ११३ रुग्णांचा. एका गटाला आठवड्यातून दोनदा, असा तीन महिने पाण्यात व्यायाम. दुसऱ्या गटाला नेहमीचं शेक आणि करंटचं मशीन. पाण्यातल्या गटाची कंबर जास्त सुधारली आणि वर्षानंतरही त्यांची आघाडी टिकली होती. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी हा प्रयोग वाचायलाच हवा. दहा-दहा दिवस रुग्णाला मशीनला जोडून ठेवायचं आणि त्याला स्वतःला काही करू द्यायचं नाही, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

पोहण्याबद्दलचा सगळ्यात गाजलेला आकडा २००८ सालचा, अमेरिकेतला. ४०,५४७ पुरुषांची सरासरी १३ वर्षं नोंद ठेवली. पोहणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बैठ्या माणसांच्या, चालणाऱ्यांच्या आणि पळणाऱ्यांच्याही तुलनेत सुमारे निम्मं निघालं. हा आकडा जाहिरातीत वापरावासा वाटतो, पण मी बॅचला तो जसाच्या तसा सांगणार नाही. नेमाने पोहणारा माणूस बहुधा मुळातच धडधाकट असतो, त्याच्याकडे वेळ असतो, क्लबची फी असते. पोहण्याचं श्रेय किती आणि या बाकीच्या गोष्टींचं किती, ते अशा नोंदींवरून वेगळं काढणं कठीण. बाईंना एवढंच सांगेन, की पोहणं हृदयाला चांगलं आहे यात शंका नाही. पळण्यापेक्षा दुप्पट चांगलं, असा दावा करू नये.

२ मे, शुक्रवार

कपड्यांवरून आज वाद झाला. नवीन आलेल्या दोघी सुती पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरायला निघाल्या, तर टँकच्या माणसाने अडवलं. त्याचं चूक नव्हतं. सुती कापडाचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. शिवाय भिजलेला सुती कुडता ओल्या गोधडीसारखा अंगाला चिकटून खाली ओढतो, पोहता न येणाऱ्या बाईला ते धोक्याचं. पण त्याने “कॉस्च्युम नसेल तर घरी जा” असं ज्या सुरात सांगितलं, त्या सुराने आजवर किती बायका परत गेल्या असतील! दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी दोघींना बाजूला घेतलं. पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंत येणारा नायलॉन-लायक्राचा पोशाख आता खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो नियमात बसतो आणि अंगही झाकतो. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःचा जादाचा पोशाख एकीला दिला. व्यवस्थापकांना मी विनंती केली आहे, की नियमांच्या फलकावर अशा पोशाखाचं चित्र लावा. काय चालत नाही ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, काय चालतं तेही लिहिलेलं असावं.

पाण्याचं तापमान २९. स्पर्धेसाठी २५ ते २८ अंश ठेवतात, उपचाराच्या तलावात ३३ ते ३५ लागतं. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून कुणाला एका जागी उभं राहू देत नाही.

६ मे, मंगळवार

मुख्याध्यापिकाबाईंचे पाय संध्याकाळी सुजतात. आज पाण्यातून निघाल्यावर घोट्यांकडे बघत म्हणाल्या, “चप्पल सैल झाली.” त्याचं कारण पाण्याचा दाब. जितकं खोल तितका दाब जास्त. दर मीटरला साधारण ७४ मिलिमीटर पारा. म्हणजे छातीइतक्या पाण्यात पावलांवर सगळ्यात जास्त दाब आणि वर येईल तसा कमी. सुजलेल्या पायांसाठी आपण जे घट्ट मोजे देतो त्यांचंही तत्त्व हेच. पायांत साचलेलं पाणी आणि रक्त वर सरकतं. छातीकडे जास्त रक्त आलं की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला नाडी जमिनीपेक्षा थोडी कमी लागते. म्हणून पाण्यात नाडी मोजून अंदाज घेत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे.

वाढलेलं रक्त पाहून शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. “पाण्यात गेलं की लगेच लघवीला होतं, माझ्यात काही दोष आहे का?” हे एका ताईंनी मला कानात विचारलं. दोष नाही, सगळ्यांनाच होतं. आधी जाऊन यायचं आणि बाहेर आल्यावर पेलाभर पाणी प्यायचं. घाम दिसत नसला तरी शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं.

१० मे, शनिवार

एकीने घरी मुरलीकांत पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट बघितला, त्यामुळे आज सगळा तास त्यांच्याच गप्पांत गेला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्याशी अडकून राहिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार चालू असताना पोहणं त्यांच्या हाती लागलं. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

पदकाइतकंच मला त्या रुग्णालयातल्या पोहण्याचं मोल वाटतं. पाण्याने त्यांचे पाय परत आले नाहीत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रूझवेल्ट पोलिओनंतर जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यांत १९२४ पासून जात राहिले, १९२६ मध्ये ती जागाच विकत घेऊन त्यांनी तिथे पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उभं केलं. त्यांचेही पाय बरे झाले नाहीत. पण जमिनीवर जे शरीर कुणीतरी उचलून ठेवावं लागतं ते पाण्यात स्वतःच्या जोरावर पुढे सरकतं. हात, खांदे, पाठ, श्वास, सगळं कामाला लागतं. पक्षाघाताच्या आणि मणक्याच्या रुग्णांच्या घरच्यांनी याचा विचार करावा असं मला फार वाटतं. अर्थात डॉक्टरांना विचारून आणि जाणकार माणूस शेजारी असतानाच.

मावशींनी आज विचारलं, “मग मला पोहायला येईल का?” मी म्हटलं, आधी पाठीवर पडायला शिका.

२७ मे, मंगळवार

मे महिन्यातच पावसाने गाठलं. मान्सून काल मुंबईत पोचलासुद्धा. विजा कडाडत असताना टँक बंदच ठेवतात आणि ते योग्यच आहे. रिकाम्या वेळात फोनवरून आलेल्या शंकांची उत्तरं लिहून काढली, बॅचच्या ग्रुपवर टाकायची आहेत.

उघडी जखम, ताप, जुलाब, कानातून पाणी येणं यांपैकी काही असेल तर उतरू नये. जुलाब थांबले तरी काही दिवस थांबावं. काही जंतू क्लोरिनलाही दाद देत नाहीत. फिट येत असेल, हृदय कमजोर असून दम लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय अजिबात नाही. छातीकडे सरकणारं रक्त निरोगी हृदयाला व्यायाम देतं, थकलेल्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. मधुमेह असलेल्यांनी पायांत पाण्यातले बूट घालावेत, कारण बधिर तळव्याला फरशीची कड लागलेली कळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये.

क्लोरिनच्या उग्र वासाबद्दल सगळ्यांचाच गैरसमज आहे. डोळ्यांना झोंबणारा तो वास क्लोरिन जास्त झाल्याचा नसतो. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा असतो. म्हणून उतरण्याआधी साबण लावून अंघोळ हा नियम पाळायचाच, आणि डोक्याला तेल लावून यायचं नाही.

आणि हाडं. पाण्यात वजन उतरतं हा सांध्यांचा फायदा, पण हाडं मजबूत राहतात ती वजन पेलून. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे गुडघा साथ द्यायला लागला की जमिनीवरचं चालणं आणि जिना सुरू करायचाच. पाणी हे जमिनीवर परत येण्यासाठी आहे.

८ जून, रविवार

गावी, सातारा जिल्ह्यात. या पावसाने विहिरी भरल्यात. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मामा आम्हा पोरांना विहिरीत सोडायचा. आता भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचे डबे आले. मामी अजून सांगते, की मुलगी दहा वर्षांची झाली की तिचं विहिरीवर जाणं बंद व्हायचं. तिच्या पिढीतल्या बायका जन्मभर नदीवर धुणं धुवायच्या, हंडे भरायच्या, गुडघाभर पाण्यात तासन्‌तास वाकून उभ्या राहायच्या. पोहायला मात्र आलं नाही. माझ्या बॅचमधल्या बहुतेक जणी याच पिढीच्या.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. बॅच आठवड्यातून तीनदा चालू आहे, पावसातही.

आज सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या. खुर्चीवर हात छातीशी घडी घालून बसायचं आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितकं उठायचं. मावशी एप्रिलमध्ये सात वेळा उठल्या होत्या, आज अकरा वेळा. वजन दीड किलोनेच उतरलं आहे, आणि मी त्यांना आधीच सांगितलं होतं की पाण्याने भूक लागते. एक्स-रेत फरक पडलेला नाही, पडणारही नाही. पण ओट्यापाशी मध्ये बसायला लागायचं ते आता लागत नाही, आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेत नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंचा रक्तदाब गोळी न बदलता थोडा खाली आला आहे. त्यातलं श्रेय पाण्याला किती आणि मीठ कमी केल्याला किती, हे त्या स्वतःच विचारतात. दोघी आता पाठीवर तरंगतात.

आज जागतिक बुडणे प्रतिबंध दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये तो ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने त्या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. आपल्या देशात दर वर्षी ३० हजारांहून जास्त. छातीइतक्या पाण्यात चालायला शिकलेली आणि पाठीवर तरंगता येणारी बाई निदान घाबरून बुडत नाही, आणि नातवंडाला विहिरीच्या काठी एकटं सोडत नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पालिकेचा एखादा तरी तलाव आहे आणि दुपारी त्यात कुणी नसतं. त्या वेळात चाळिशीपुढच्या बायकांची एक बॅच, उथळ बाजूला रुंद पायऱ्या, भिंतीला दांडी, पाण्यात उतरलेली एक स्त्री जीवरक्षक आणि फलकावर पूर्ण पोशाखाचं चित्र, एवढंच लागतं. वाचणारीला माझी कळकळीची विनंती: या आठवड्यात आपल्या तलावावर जा, ही वेळ मागा, आणि जाताना गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेल्या दोघी-तिघींना सोबत घेऊन जा. एकटीने मागितलं तर नाही म्हणतात. दहा जणींनी अर्ज दिला की बॅच सुरू होते.